बाण अडवणारी गठाण

कामरगाव
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

फोनच केला असता, पण बाबा म्हणाले तू तो आता उचलत नाहीस. गळ्याच्या ऑपरेशनात आवाजाची शीर दुखावल्यापासून पलीकडचा माणूस नुसता हॅलो हॅलो करतो आणि ठेवून देतो, असं तू त्यांना पाटीवर लिहून दाखवलंस म्हणे. म्हणून हे पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस, मी खेळाची शिक्षिका आहे.

बातमी चांगली आहे. इथल्या शाळेत मुलींना तिरंदाजी शिकवायची परवानगी मला मिळाली. बांबूची धनुष्यं आली, बाण आले. टार्गेट मात्र आलं नाही आणि शाळा ते विकत घेणार नाही, हे मुख्याध्यापक सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सध्या आम्ही मैदानाच्या कडेला असलेल्या मातीच्या उंच धुऱ्यावर बाण मारतो. धुऱ्यात दगड. टोकं वाकतात, काड्या फुटतात. हे असंच चाललं तर डिसेंबरअखेर वाशिमला जिल्ह्याची निवड होईल तेव्हा माझ्या मुलींकडे मारायला बाणच उरणार नाहीत. आणि रुचिका नावाची एक मुलगी आहे नववीतली, तिला तू बघायला हवंस. धनुष्य ओढून धरते तेव्हा तिच्याकडे बघणारेसुद्धा श्वास धरतात.

टाकाऊ वस्तूंतून टार्गेट करायचं आहे. बाण आत घुसला पाहिजे, रुतला पाहिजे, पण आरपार जाता कामा नये. आपल्या घरात काही अडलं की "वच्छलाले इचारा" म्हणायची पद्धत आहे, म्हणून विचारते.

अजून एक. चौदा तारखेच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला तू स्टेजवर नुसती बसायलाही नाही म्हणालीस, हे खरं का?

तुझी,
पौर्णिमा


रिठद
११ ऑक्टोबर २०२४

प्रिय पौर्णिमा,
जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अक्षर खरंच वाईट आहे.

ज्या गावात बैलांच्या शर्यतीला सपाट मैदान मिळतं आणि मुलींच्या बाणांना दगडांचा धुरा, त्या गावाला कोणीतरी भर चौकात उभं राहून चार शब्द सुनावले पाहिजेत. पूर्वी मी पहिल्या बसने आले असते. तुझे मुख्याध्यापक परवानगी देतात आणि वस्तू देत नाहीत. ही फार जुनी रीत आहे, पोरी. आपल्या लोकांना विहिरीची परवानगी मिळाली तेव्हाही दोर आपणच आणला होता. तेव्हा रडत बसायचं नाही, दोर आणायचा.

टार्गेटचं सोपं आहे. यंदाची सोयाबीन निघाली. मळणीयंत्राच्या मागे कुटाराचे ढीग पडलेत, काटक्या आणि टरफलांचा तो भुसा कोणीही फुकट देईल. पोत्यांमध्ये ठासून भर, तोंडं शिव, एकावर एक रच, मागून बांबू लाव. गंजीत खुपसलेली काठी कधी पलीकडे निघते का? नाही निघत. मग बाण कसा निघेल?

रुचिकाला माझा आशीर्वाद सांग. ती कोणाची, कुठली, हे तू लिहिलं नाहीस ते बरं केलंस. रेषेवर उभ्या असलेल्या मुलीला आडनाव विचारायचं नसतं.

बाकी सर्व ठीक.

तुझी आत्या,
वच्छला


कामरगाव
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

बाकी सर्व ठीक म्हणून तू माझ्या प्रश्नाला बगल दिलीस, ते माझ्या लक्षात आलं आहे. आधी तुझ्या कुटाराची हकीकत ऐक.

तू सांगितलंस तशी पोती भरली. छान दिसत होती. मग दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी तनुजा धावत आली, "म्याडम, टार्गेट उगवून राह्यलं." जाऊन बघते तर पोत्यांच्या विणीतून हिरवे कोंब. कुटारात दाणे राहिले होते, आत्या. मुलींना इतका आनंद झाला की दोघी त्याला पाणी घालायला निघाल्या. मी म्हटलं, आपल्याला नेम शिकायचा आहे, सोयाबीन घ्यायची नाही.

इथवर हसण्यासारखं होतं. पोती वाळवली आणि आम्ही पुन्हा उभ्या राहिलो. रुचिकाचा पहिलाच बाण कुटारातून असा गेला जसा पाण्यातून जावा, आणि मागच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत घुसला. प्लॅस्टिकच्या टाकीतून पाण्याची धार लागली. सगळी शाळा गोळा झाली. त्या गडबडीत एक लहान मुलगी बाण काढायला टाकीकडे पळाली, आणि इकडे तनुजाच्या हातात धनुष्य ओढलेलं होतं. मी ओरडत तिचा हात धरायला धावले. सुदैवाने तिने सोडलं नाही.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर भांडता आलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, टाकी भरून देता येते. तो बाण पोरीच्या पोटात गेला असता तं तिच्या मायले म्या काय सांगतलं असतं?" सराव बंद झाला. फार विनवल्यावर त्यांनी एक अट घातली, म्हणाले: दिवाळीच्या सुट्टीनंतर नवं टार्गेट दाखवा. त्याच्या मागे मी पाण्याने भरलेला माठ ठेवीन. मुलीने बाण मारायचे. माठ फुटला तर धनुष्यं कपाटात जातील आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील.

रुचिका रोज विचारते, "म्याडम, माठ कवा ठेवता?" त्या बाणानंतर तिचा हात थरथरतो. तिला वाटतं चूक तिची होती. तिचा नेम तर नेमका मध्यावर लागला होता.

काही सुचत असेल तर सांग. आणि यावेळी आधी करून बघ.

पौर्णिमा


रिठद
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय पौर्णिमा,
जयभीम.

चुकले. गंजीत काठी अडकते ते तिच्या जाडीमुळे, हे मला लक्षात यायला हवं होतं. इतकी वर्षं माइकसमोर ठणकावून बोलल्याने माणसाला आपण म्हणू ते खरंच असतं अशी सवय लागते. माझी अजून गेली नाही.

तू म्हणालीस तसं यावेळी करून बघितलं. मोडक्या छत्रीची काडी घेतली, टोक घासलं आणि घरात दिसेल त्यात खुपसत गेले. कापसाची गादी, आरपार. पुठ्ठा, आरपार. थर्माकोल, त्याचा नुसता चुरा. शेजारची प्रयागबाई दारात येऊन उभी राहिली. म्हणे, "वच्छले, कोनाले मारून राह्यली?" मी पाटीवर लिहिलं, गादीला. ती पोराला बोलवायला गेली.

शेवटी घडी घालून रचलेल्या गोधड्यांचा थर होता, त्यात खुपसली. वरून नाही, बाजूने, घड्यांच्या कडांमधून. काडी चार बोटं आत गेली आणि थांबली. जोर लावला तरी हलेना. दोन्ही बाजूंच्या घड्यांनी ती आवळून धरली होती. मग मी वर अजून गोधड्या ठेवल्या आणि त्यांच्यावर बसले. आता काडी दोन बोटंच गेली.

तेव्हा मला कारंज्याच्या जिनिंगमधली कापसाची गठाण आठवली. कामगारांच्या सभेत मी तिच्यावर उभी राहून बोलले होते. कापूसच तो, पण दाबून बांधलेला असा की पायाखाली फरशी वाटावी.

तर असं कर. कापडाच्या सारख्या रुंदीच्या घड्या घाल. एकावर एक रच, घड्यांच्या कडा बाण येतो त्या बाजूला ठेव. खाली फळी, वर फळी. जितकं दाबता येईल तितकं दाब आणि दाबलेलं असतानाच आवळून बांध. वजनासाठी काय वापरायचं ते तू बघ. इथला जीपवाला अमरसिंग दर आठवड्याला तुमच्याकडे कारंज्याच्या बाजाराला येतो, त्याच्याकडे जॅक आहे. त्याच्याच हाती दोन मोठी गाठोडी पाठवते. जाड सुती कापड आहे, मांजरपाट, असं आता मिळत नाही. माझ्या उपयोगाचं राहिलं नाही. उलगडत बसू नकोस, आहे तसंच घड्या घालून दाब.

रुचिकाला सांग, ज्याच्यावर नेम धरायचा ते कच्चं निघालं तर दोष नेमाचा नसतो.

तुझी आत्या,
वच्छला


कामरगाव
१७ नोव्हेंबर २०२४

आत्या,

उलगडत बसू नकोस म्हणालीस, पण सारख्या रुंदीच्या घड्या न उलगडता कशा घालायच्या, याचा विचार केला नाहीस.

मी कात्री चालवत होते आणि मुली पट्ट्या ओढत होत्या. रुचिका थांबली. म्हणाली, "म्याडम, ह्या कापडावर तुमचं आडनाव हाय." निळ्या रंगात हाताने रंगवलेली अक्षरं. "वक्त्या: वच्छलाताई पडघान". खाली रिसोड, आणि पावसाने पुसलेलं वर्ष. दुसऱ्यावर मालेगाव. तिसऱ्यावर नुसतं "भव्य महिला मेळावा" आणि कडेला चिखलाचा डाग. तू ज्या ज्या गावी बोललीस तिथले सभेचे फलक तू जपून ठेवले होतेस, हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. आणि ते तू मला बाण मारायला पाठवलेस.

तीन फलक कापून झाले होते. ते मी परत शिवून ठेवले आहेत. शिवण वाकडी आहे.

मी लहान असताना तुझ्या सभेला बाबांच्या खांद्यावर बसून यायचे. तू बोलताना हा कपडा तुझ्या मागे फडफडायचा, आणि मला वाटायचं तो तुझाच भाग आहे, पंखासारखा. त्यावर मी नेम धरायला शिकवू? आणि स्पष्टच विचारते, तू आवराआवर करून राह्यली का? एकेक वस्तू वाटायला काढतात तशी? मी बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

गाठोडी शाळेच्या कपाटात ठेवली आहेत. गावातून जुन्या चादरी, पोती जमवते आहे. नायलॉनची पोती दाबली की सरकतात आणि कापड पुरत नाही. माठाची परीक्षा तीस तारखेला आहे. नाही जमलं तर नाही जमलं. पण हे कापड मी वापरणार नाही.

पौर्णिमा


रिठद
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय पौर्णिमा,
जयभीम.

आवराआवर नाही. मला अजून पुष्कळ जगायचं आहे, निदान तुझं अक्षर सुधारेपर्यंत. तरी तू अर्धं बरोबर ओळखलंस, म्हणून उरलेलं अर्धं सांगते.

चौदा तारखेला मी गेले होते. स्टेजवर नाही, मागे, बायकांत बसले. सूत्रसंचालन करणाऱ्या पोराने मला पाहिलं आणि मान देण्यासाठी माइकवरून म्हणाला, "आपल्या गावच्या माजी वक्त्या वच्छलाताई आपल्यात उपस्थित आहेत." टाळ्या वाजल्या. माजी सरपंच असतो, माजी आमदार असतो. माजी वक्त्या हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. उठून उत्तर द्यावं म्हणून तोंड उघडलं आणि नुसता वारा निघाला. घरी आले आणि पेटी उघडली. हे सगळं कोणाच्या तरी बंबात जाऊ दे, असं त्या दिवशी मनात आलं होतं. तुझ्यापासून लपवायचं होतं ते एवढंच.

पण मग छत्रीची काडी आली. पोरी, खरं सांगते, गोधडीनंतर मी ती काडी त्या फलकांच्या चळतीत खुपसून बघितली. गोधडीपेक्षाही लवकर थांबली. मी घरात एकटी बसून हसले. आवाज न येता हसता येतं, हे मला तेव्हा कळलं.

आता नीट ऐक. तो कपडा माझा पंख नव्हता. लोकांनी चार चार आणे गोळा करून तो विकत घेतला, कोणीतरी शाळकरी पोराने वाकून रात्रभर रंगवला, आणि सभा संपल्यावर मला नेऊन दिला, कारण पुढच्या सभेला उलटा करून पुन्हा वापरता येईल. कित्येकांच्या मागच्या बाजूलाही अक्षरं आहेत, बघितलंस का? ते कापड कधीच शोभेला नव्हतं. त्या फलकांपुढे उभी राहून मी काय बोलले, ते तू खांद्यावर बसून ऐकलंस ना? मुलींना घराबाहेर काढा. मैदान द्या. हातात साधन द्या. आता खरोखर एका मुलीच्या हातात साधन आहे, आणि तू माझं नाव वाचवायला तिचं मैदान घालवणार? मग मी एवढी वर्षं घसा कशाला फोडला?

कपाट उघड. शिवण उसव. कात्री घे.

रुचिकाचा हात थरथरतो म्हणालीस. घट्ट वस्तूवर बाण बसल्याचा आवाज एकदा ऐकला की थरथर जाईल. नुसतं सांगून जाणार नाही.

मला मात्र बोलावू नकोस. तिथे कोणी काही विचारेल, आणि मी पाटी शोधत बसेन.

तुझी आत्या,
वच्छला


कामरगाव
१ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

शिवण उसवली.

तनुजाच्या वडिलांनी रिकामी ट्रॉली मैदानात आणून लावली. तिच्याखाली कापडाचा ढीग रचला. तळाला आणि वर गावातल्या चादरी, आणि मधोमध, जिथे सगळ्यात जास्त बाण बसतात तिथे, तुझी सगळी गावं. मोडक्या बाकाच्या फळ्या. फळीवर अमरसिंगचा जॅक. तो सारखा बजावत होता, "ताई, जॅक जीप उचलाले असते. कापड दाबाले म्या आजवर कोनाले देल्ला नाही." जॅक ट्रॉलीला टेकला, ट्रॉली तसूभर उचलली आणि तिच्या वजनाखाली ढीग बसत गेला. मुली त्याच वेळी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ओढून बांधत होत्या. जॅक काढला तेव्हा गठाण तशीच राहिली. अमरसिंगने तिच्यावर बुक्की मारली आणि हात झटकत म्हणाला, "लागलं नं मले."

सरांनी स्वतः माठ भरून आणला आणि मागे ठेवला. सगळी शाळा लांब बसली होती. रुचिका रेषेवर आली. हात थरथरत होता, आत्या, मला दिसत होतं. तिने ओढलं, धरलं, सोडलं.

आवाज कसा आला माहीत आहे? कोणीतरी दार घट्ट लावून घ्यावं तसा. तिने माझ्याकडे बघितलं. पुढच्या बाणाला हात दगडासारखा होता. सगळे बाण मारून झाल्यावर सर गठाणीच्या मागे गेले, माठावरून हात फिरवला, आणि त्याच माठातलं पाणी मुलींना पाजलं.

मला वाटलं जिंकलो. पण सर म्हणाले, टार्गेट मजबूत आहे, मान्य. मात्र त्या दिवशी ती लहान मुलगी टाकीकडे पळाली तेव्हा तुम्ही तनुजाचा हात धरायला गेला होतात. एका माणसाला दोन्हीकडे बघता येत नाही. मुलींना शिकवणारा एक, आणि रेषा सांभाळणारा दुसरा मोठा माणूस. तो रोज येणार असेल तर किल्ली ठेवा. मी भांडले नाही. ते बरोबर बोलत होते.

गावात विचारलं. सगळ्यांची पिकं उभी आहेत, तूर आहे, हरभरा आहे, रोज यायला कोणी मोकळं नाही. मग मला सुचलं. अमरसिंगच्या हाती या पत्रासोबत एक छोटी पुडी पाठवली आहे, ती आता उघड.

शिट्टी आहे. तिरंदाजीत रेषेवर कोणी ओरडत नाही, आत्या. जगात कुठेही नाही. दोन शिट्ट्या, मुलींनी रेषेवर यायचं. एक शिट्टी, बाण सोडायला सुरुवात. तीन शिट्ट्या, धनुष्य खाली आणि सगळ्यांनी मिळून बाण काढायला जायचं. काही धोका दिसला तर वाजवत राहायचं, सगळ्या जागच्या जागी थांबतात. बोलायचं काहीच नसतं. मी वाशिमला तुझ्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, फुंकायला हरकत नाही म्हणाले.

निवडीपर्यंत माझ्याकडे येऊन राहा. तुझ्या नावाची एक पट्टी मी गठाणीत घातली नाही. बाहेरून बाजूला आवळून बांधली आहे. नेम धरणाऱ्या मुलीला ती दिसत नाही, बाण काढायला जाते तिलाच दिसते. मुली विचारतात, ह्या कोण. मी म्हणते, येतील तेव्हा बघा.

तुझी,
पौर्णिमा


रिठद
५ डिसेंबर २०२४

प्रिय पौर्णिमा,
जयभीम.

माझ्या डॉक्टरांना मला न विचारता फोन केलास, याबद्दल तिथे आल्यावर बोलू. म्हणजे लिहू.

पुडी उघडली आणि शिट्टी उशाखाली ठेवून दिली. ऑपरेशनपासून मी माझ्या श्वासाला भीत होते. तोंड उघडलं की काय निघेल याची लाज वाटायची. काल सकाळी मागच्या अंगणात गेले, कोणी नाही असं बघितलं आणि फुंकली. पौर्णिमा, पार इथल्या शाळेपर्यंत गेली असेल. प्रयागबाईच्या शेळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. रस्त्यावरून सायकलवर जाणारा एक माणूस पाय टेकून इकडेतिकडे बघायला लागला. प्रयागबाई बाहेर आली, म्हणे, "काहून वं, आता काय मांडलं?" मी पाटी नाही घेतली. पुन्हा एकदा फुंकली. ती म्हणाली, "बरं बरं, समजलं."

उद्या सहा तारीख. अभिवादनाला जाईन. त्या सूत्रसंचालक पोरालाही भेटेन आणि पाटीवर लिहून दाखवीन, माजी हा शब्द खोड. नंतर रविवारी अमरसिंगच्या जीपने येते. सोबत थोडी पुस्तकं आहेत, जागा करून ठेव. निवडीपर्यंत म्हणालीस, ते बघू. पोरी निवडून आल्या तर त्यांना पुढेही सराव लागेल, नाही आल्या तर जास्तच लागेल.

सरांना सांग, किल्ली तुझ्याकडे द्यायची. मुलींना सांग, दोन शिट्ट्या ऐकल्याशिवाय कोणाचं पाऊल रेषेवर नको, आणि तिसरी पूर्ण वाजेपर्यंत कोणाचं पाऊल रेषेच्या पुढे नको. मी कडक आहे.

नियम मी पाठ केले आहेत. त्यातला मधला मला फार आवडला. आयुष्यभर मी माणसांना तासतासभर सांगत आले, उठा, काहीतरी करा. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन जेवले. आता मी एकदाच वाजवणार, आणि माझ्यासमोर उभ्या असलेल्या मुली त्याच क्षणी बाण सोडणार.

स्टँडवर घ्यायला ये. मला हाक मारता येणार नाही, पण मी आल्याचं तुला कळेल.

तुझी आत्या,
वच्छला